चौथ्या किलोमीटरवरची मुलं

पत्राचा सारांश : पत्रलेखक पन्नाशीच्या आसपासचे, तालुक्याच्या गावात त्यांचं औषधांचं दुकान आहे. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपनं गावात हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरची शर्यत, सुरू केली. पहिल्या वर्षी धावपटू ४०० आणि स्वयंसेवक १६० होते. गेल्या वर्षी धावपटू १८०० झाले आणि स्वयंसेवक उरले ७०. पाण्याच्या दोन पॉइंटवर माणसंच नव्हती, धावपटूंनी स्वतः खोकी फोडून बाटल्या घेतल्या. चार किलोमीटरच्या पॉइंटवर नेमलेली कॉलेजची मुलं साडेसातला कुणालाही न सांगता निघून गेली. (टी-शर्ट कमी पडल्यामुळे गेली दोन वर्षं स्वयंसेवकांना देता आले नाहीत, असं त्यांनी कंसात लिहिलं आहे.) व्हॉट्सॲप ग्रुपवर १८० जण आहेत. आवाहन केलं की अंगठे येतात, माणसं येत नाहीत. शर्यत सकाळी सहाला सुटते, मार्ग गोलाकार आहे, कटऑफ (शर्यत पूर्ण करण्याची कमाल मुदत) साडेतीन तासांचा आणि प्रवेश शुल्क १२०० रुपये. यंदाची स्पर्धा सात आठवड्यांवर आली आहे आणि समितीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, डोक्यामागे ३०० रुपये द्या. दुसरा म्हणतो, प्राचार्य ओळखीचे आहेत, एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) १५० मुलं सक्तीनं आणा. "आम्ही गणपतीत रात्र-रात्र जागायचो, कुणी चहाही विचारायचं नाही. हल्लीच्या मुलांत सेवाभाव उरलेला नाही. पैसे द्यावेत की सक्ती करावी?" असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी त्या चौथ्या किलोमीटरवरच्या मुलांचा हिशेब करू.

साडेतीन तासांचा कटऑफ म्हणजे सगळ्यात मागचा धावपटू किलोमीटरला दहाएक मिनिटं लावणार. शर्यत सहाला सुटली असेल तर चार किलोमीटरचा पॉइंट त्यानं पावणेसातच्या आत ओलांडला. मार्ग गोलाकार, म्हणजे परत तिथं कुणी फिरकणार नाही. मग पावणेसात ते साडेसात ती मुलं करत काय होती? रिकाम्या रस्त्यावर, ओल्या टेबलांशेजारी, चुरगळलेल्या ग्लासांच्या ढिगाजवळ उभी होती. शेवटच्या धावपटूमागून गाडी येईल, ती गेली की तुम्ही मोकळे, असं त्यांना कुणी सांगितलं होतं का? मोकळं झाल्यावर फिनिश लाइनला या, तिथं पोहे आहेत, असं? तुम्ही म्हणता ती पळून गेली. माझ्या हिशेबानं ती पाऊण तास जास्त थांबली.

त्याच वेळी अठराव्या किलोमीटरवर तुम्हाला माणसं हवी होती, कारण तिथं मागचा धावपटू नऊच्या सुमाराला पोहोचतो. चौथ्यावरची मुलं एका टेम्पोत बसवून सव्वासातपर्यंत अठराव्यावर नेली असती, तर रिकाम्या राहिलेल्या दोन पॉइंटपैकी एक तरी भरला असता. ही मुलांची उणीव नाही, तुमच्या कागदावरच्या आखणीची आहे. आणि ती दुरुस्त होणारी आहे, ही त्यातली चांगली बातमी.

आता सेवाभावाबद्दल. तुमच्या गावात ढोल-ताशा पथक असेलच. जून-जुलैपासून त्यांचा सराव सुरू होतो. मुलं-मुली कॉलेज आणि नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी येतात, हाताला फोड येतात, पदरच्या पैशानं कुर्ता शिवतात. ही तीच मुलं आहेत, ज्यांच्यात सेवाभाव नाही असं तुम्ही लिहिलंय. मग तिथं जे मिळतं आणि तुमच्याकडे मिळत नाही, ते काय? तिथं नवख्याला शिकवलं जातं. कुणाचा ठेका चुकतो, कुणाचा बसतो हे सगळ्यांना माहीत असतं. नावानं हाक मारली जाते. यंदा ढोल वाजवणारा पुढच्या वर्षी ताशावर जाईल, त्याच्या पुढच्या वर्षी नवीन पोरं तयार करेल. तुमच्याकडे पहिल्या वर्षी आलेल्या मुलाला नारिंगी टोपी आणि एक कोपरा मिळाला, आणि पाचव्या वर्षीही तो आला असता तर तीच टोपी आणि बहुधा तोच कोपरा मिळाला असता.

आणि तुमच्या गणपतीच्या रात्रींबद्दल, रागावू नका, पण खरं सांगा. मांडवात पत्त्यांचा डाव नव्हता? तुम्ही जागायचात कारण सगळे मित्र तिथंच असायचे, घरी झोपणं म्हणजे काहीतरी चुकवणं होतं. सेवा होतीच, पण सोबतीच्या पोटात होती. हे कमी प्रतीचं कारण आहे असं मला मुळीच वाटत नाही. उलट, स्पर्धांच्या स्वयंसेवकांविषयी जो काही अभ्यास झाला आहे, त्यात सोबत हे कारण पुन्हा पुन्हा येतं.

१९९६ साली कॅनडातल्या थंडर बे या शहरात महिलांची राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धा झाली. कर्लिंग म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ, आपल्याला परका, पण ठिकाण तुमच्या गावासारखंच महानगरांपासून लांबचं. तिथल्या स्वयंसेवकांना संशोधकांनी विचारलं, तुम्ही का आलात? सगळ्यात वर आलेली कारणं अशी होती की स्पर्धा चांगली पार पडावी आणि आपल्या गावासाठी काहीतरी करावं. त्याखालोखाल माणसं भेटणं, सोबत असणं. म्हणजे 'आपली स्पर्धा' हे ओढीचं मूळ.

आता तुमच्या आकड्यांकडे पाहा. पहिल्या वर्षी ४०० धावपटू. त्यातले निम्मे तरी गावातले, आसपासचे. पाण्याचा ग्लास पुढं करणाऱ्या मुलीला समोरून तिच्या गणिताच्या बाई धावत येताना दिसायच्या, कुणाला मामा दिसायचा. गेल्या वर्षी १८०० आले, बहुतेक पुण्या-मुंबईहून, आदल्या रात्री गाडीनं. धावले, पदक गळ्यात घातलं, फोटो काढला, अकराला हायवेला लागले. स्पर्धा मोठी झाली आणि गावाच्या हातून सुटली. सेवाभाव आटलेला नाही. 'आपलं' म्हणावं असं त्या सकाळी गावातल्या माणसाला फारसं काही उरलेलं नाही. समितीच्या बैठकीत हा मुद्दा कुणी काढला होता का, ते पत्रात नाही.

३०० रुपयांचा प्रस्ताव आता. इस्राएलमध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलं घरोघरी जाऊन चांगल्या कामांसाठी देणग्या गोळा करायची. एका गटाला काहीच दिलं नाही, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का देऊ केला, तिसऱ्याला १० टक्के. सगळ्यात जास्त पैसे जमवले ते काहीच न मिळणाऱ्यांनी. सगळ्यात कमी जमवले १ टक्कावाल्यांनी. दहा टक्केवाले मध्ये राहिले. तुमचे ३०० रुपये हे ते एक टक्कावालं प्रकरण आहे. पहाटे चार ते सकाळी दहा, सहा तासांचे ३०० म्हटलं की मुलगा भागाकार करतो, आणि तो भागाकार तुमच्या बाजूनं येत नाही. शिवाय तुमच्याकडे मेडिकल टेंटमध्ये बसणारे डॉक्टर आहेत, बिब, म्हणजे धावपटूंच्या छातीवरचे नंबर, वाटायला येणाऱ्या शिक्षिका आहेत. त्यांच्या हातावर पण ३०० ठेवणार? नाही ठेवले तर मुलांना काय वाटेल, आणि ठेवले तर डॉक्टरांना?

याचा अर्थ कुणालाच पैसे देऊ नका असा नाही. इथं बरेच आयोजक घोळ करतात, म्हणून जरा थांबते. बॅरिकेड उतरवणं-चढवणं, मंडप, फिरती शौचालयं साफ ठेवणं, शर्यत संपल्यावर २१ किलोमीटरचा रस्ता झाडून काढणं, पार्किंगवर रात्रभर पहारा ही मजुरी आहे. तिला पूर्ण, चालू दरानं पैसे द्या, आणि ही कामं स्वयंसेवकांच्या गळ्यात घालू नका. हौसेनं आलेल्या मुलीच्या हाती शेवटी झाडू दिला तर ती पुढच्या वर्षी येणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. दुसरं, येण्या-जाण्याचा खर्च, पोटभर नाश्ता, टोपी-टी-शर्ट याला मोबदला म्हणत नाहीत. ते आल्यागेल्याचं बघणं आहे. पदरमोड करून कुणी तुमच्या स्पर्धेला हात लावू नये एवढं तरी असावंच.

यावरून तुमच्या कंसाकडे येते. टी-शर्ट कमी पडले. १८०० धावपटूंना पुरले आणि ७० स्वयंसेवकांना पुरले नाहीत. म्हणजे यादीत त्यांचं नाव शेवटी होतं. टी-शर्टसाठी कुणी पहाटे उठत नाही. पण दोन वर्षं सगळ्यांना मिळून आपल्यालाच मिळाला नाही, हे मात्र लक्षात राहतं. यंदा ऑर्डर देताना स्वयंसेवकांचे आधी काढा, वेगळ्या रंगाचे, आणि अंगावर येणाऱ्या मापाचे. सगळ्यांना एक्सएल देणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, ती सोडा.

आणखी एक हिशेब, थोडा कडू. १८०० गुणिले १२०० म्हणजे २१ लाख ६० हजार. वर स्पॉन्सर. हा गुणाकार तुमच्या गावातला प्रत्येक बारावीचा मुलगा करू शकतो आणि करतोच. तुमच्याकडे शिल्लक राहत नसेल, वेळमापनाच्या चिप, पदकं, रुग्णवाहिका, बक्षिसं यांत सगळं जात असेल, माझा विश्वास आहे. पण त्याला कसं कळणार? जमाखर्च छापून गावात लावा. शिल्लक पडत असेल तर ती कुठं जाते ते सांगा, आणि कुठं जावी हे ठरवताना स्वयंसेवकांना विचारा. आणि जर ही स्पर्धा पुढं-मागं कुणाचा व्यवसाय होणार असेल, तर फुकट राबणारी माणसं मागण्याचा हक्क त्या दिवशी संपतो. तिथून पुढं पगारी माणसं. कबड्डीची लीग भरवणाऱ्यांनी, सायकल शर्यती घेणाऱ्यांनीही हे स्वतःला विचारून पाहावं.

सक्तीचं काय? एनएसएस १९६९ पासून आहे. त्यातल्या मुलांना वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यांना तास हवेत, तुम्हाला हात हवेत, यात गैर काहीच नाही. प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या मुलाकडे नाक मुरडू नका. माणसं कामाला येतात त्यामागं एकाच वेळी चार कारणं असतात. शिकायला मिळतं, ओळखी होतात, पुढं नोकरीच्या अर्जात लिहिता येतं, घरातल्या कटकटीतून एक सकाळ सुटका होते. अडचण 'सक्ती' या भागात आहे. प्राचार्यांच्या फोनवर आलेली १५० मुलं म्हणजे हजेरी झाली की पांगणारी १५० मुलं. त्याऐवजी कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा, वर्गात दहा मिनिटं मागा, कामं काय-काय आहेत ती फळ्यावर लिहा आणि मुलांना निवडू द्या. ४० येतील. ती ४० त्या दीडशेपेक्षा जास्त काम करतील.

निवडू द्या म्हटलं ते अगदी साध्या अर्थानं. कुणाला माणसांत बोलायला आवडतं, तो बिब वाटपाला. कुणी अबोल आहे पण हिशेबाला पक्का, तो फिनिशच्या पदकांच्या मोजणीला. कुणाला प्रथमोपचार शिकायचाय, तो डॉक्टरांच्या हाताखाली. आणि मुलींच्या बाबतीत एक गोष्ट समितीतल्या पुरुषांना सुचत नाही म्हणून लिहिते. पहाटे साडेतीनला घरून निघायचं म्हणजे आई-वडिलांना उत्तर द्यावं लागतं. घराजवळून गाडी, गाडीत एक बाई, पॉइंटजवळ वापरता येईल असं शौचालय, आणि घरच्यांकडे दोन फोन नंबर. एवढं केलंत तर मुलींची संख्या वाढेल. नाही केलंत तर 'मुली येत नाहीत' असं पुढच्या वर्षी पत्र लिहाल.

आता पाण्याचे पॉइंट. माझी सगळ्यात ठाम सूचना ही आहे. सुटी माणसं गोळा करून वाटू नका, एकेक पॉइंट एकेका घोळक्याला देऊन टाका. एक बचत गटाला, एक तुमच्या शाळेच्या दहावीच्या जुन्या बॅचला, एक बँकेच्या शाखेला, एक त्या ढोल पथकाला. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची ९० किलोमीटरच्या आसपासची शर्यत १९२१ पासून होते. तिथंही वाटेतली पाण्याची टेबलं क्लब, शाळा, कंपन्या आपापसांत वाटून घेऊन सांभाळतात. एवढ्या लांबचं नको असेल तर मुंबई मॅरेथॉन बघा, २००४ पासूनची. पेडर रोडच्या चढावर राहणारी माणसं घरून संत्र्याच्या फोडी, बिस्किटं घेऊन रस्त्याकडेला उभी राहतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही. तो चढ त्यांच्या घरासमोरचा आहे, एवढंच. तुमचा मार्ग ज्या वाड्या-वस्त्यांवरून जातो, तिथल्या लोकांना तुम्ही आजवर काय सांगितलंत? 'रस्ता बंद राहील' एवढंच ना? बचत गटानं चिक्की आणि लिंबू-मीठ ठेवलं, पथकानं चढावर ढोल वाजवला, तर पॉइंटची आपसात चुरस लागेल. चांगलं आहे, लागू दे. प्रत्येक पॉइंटला एक प्रमुख, त्याच्याकडे एका पानावर लिहिलेलं: शेवटचा धावपटू किती वाजता, बाटल्या संपल्या तर फोन कुणाला, मोकळं कधी व्हायचं, नंतर कुठं जमायचं.

तुमच्या स्वतःच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपनं स्पर्धा सुरू केली, यापलीकडे त्याच्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. ती माणसं त्या सकाळी कुठं असतात? धावत असतात, बरोबर? घरचं कार्य आणि घरचे सगळे पंगतीत, असं झालंय ते. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ धावपटूंनिशी एक छोटी धाव सुरू झाली. आज ती पार्करन या नावानं अनेक देशांत दर शनिवारी होते, ५ किलोमीटर, फुकट. ती चालते ती धावणारेच आळीपाळीनं एखादा शनिवार घड्याळ धरून उभे राहतात म्हणून. धावल्याची नोंद होते तशी स्वयंसेवा केल्याचीही होते, ठरावीक वेळा केली की तिचाही वेगळा टी-शर्ट असतो. तुमच्या ग्रुपमध्ये नियम करा, तीन वर्षांतून एकदा प्रत्येकानं धावायचं नाही, उभं राहायचं. ज्यांची पाळी असेल त्यांच्यासाठी आणि धावू इच्छिणाऱ्या इतर स्वयंसेवकांसाठी आदल्या रविवारी त्याच मार्गावर धाव ठेवा, तेच पदक द्या. मार्गाची तालीमही होईल. अनुभवी धावणारा पाण्याच्या टेबलामागं असला की नवख्या मुलांना कुणी न शिकवता कळतं की ग्लास काठोकाठ भरायचा नाही, खालून धरायचा, आणि सगळ्यांनी पहिल्याच टेबलाशी गर्दी करायची नाही.

बिब वाटपाच्या टेबलावर काय चालतं तेही बघून या. आदल्या संध्याकाळी पोहोचलेला धावपटू, ज्याला आपल्या मापाचा टी-शर्ट मिळालेला नाही, तो समोरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर ओरडतो. तिच्या हातात काहीच नसतं. त्या क्षणी समितीतलं कुणीतरी तिच्या शेजारी उभं राहून 'माझ्याशी बोला' म्हणतं की नाही, यावर ती पुढच्या वर्षी येणार की नाही हे ठरतं. टी-शर्ट, पोहे, प्रमाणपत्र सगळं त्यापुढं दुय्यम. धावपटूंना पाठवायच्या सूचनांत दोन ओळी याविषयीही घाला.

मोठ्या स्पर्धांची उदाहरणं तुमच्या समितीत कुणीतरी देईल, म्हणून आधीच लिहिते. लंडन ऑलिंपिकला २०१२ मध्ये ७० हजार स्वयंसेवक होते आणि अर्ज २ लाख ४० हजार आले होते, हे खरं आहे. पण ऑलिंपिक आयुष्यात एकदा दारात येतं. तुमची शर्यत दर डिसेंबरला येणार. तुम्हाला एकदा येणारी माणसं नकोत, परत येणारी हवीत. आणि ऑलिंपिकचं नाव असूनही टोकियोत स्पर्धेआधीच ८० हजारांपैकी सुमारे १० हजार स्वयंसेवक गळाले. कोरोनाची भीती हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. नाव मोठं असलं म्हणून माणूस थांबतोच असं नाही.

सात आठवडे आहेत. या आठवड्यात व्हॉट्सॲपवर काहीही टाकू नका. पहिल्या वर्षी आलेल्या आणि नंतर न आलेल्या वीस जणांना फोन करा, तुम्ही स्वतः. 'यंदा येणार ना?' असं विचारायचं नाही. 'तेव्हा काय खटकलं होतं?' एवढं विचारा आणि गप्प बसा. मध्ये खुलासे करू नका, तो मोह होणार. जे कळेल ते समितीसमोर जसंच्या तसं वाचा. दुसऱ्या आठवड्यात पॉइंट घेणारे घोळके शोधा, तिसऱ्यात कॉलेजात जा. फोटोग्राफरला आत्ताच सांगून ठेवा की प्रत्येक पॉइंटवरच्या माणसांचेही फोटो हवेत आणि ते त्यांना त्याच आठवड्यात मिळायला हवेत. स्पर्धेनंतर आठ दिवसांत सगळ्यांना जेवायला बोलवा. भाषणं नकोत, सत्कार तर नकोच नको. पुढच्या वर्षी काय बदलायचं ते त्यांना बोलू द्या आणि पुढच्या वर्षीचे पॉइंटप्रमुख त्यांच्यातूनच तिथंच ठरवा.

शेवटी एक पर्याय, जो तुमच्या समितीत कुणीच मांडलेला दिसत नाही. पैसे आणि सक्ती सोडून तिसरा. धावपटू कमी करा. पॉइंट भरायला पंधरा दिवस द्या, आणि जेवढे भरतील तेवढ्या हातांना झेपतील एवढेच प्रवेश ठेवून नोंदणी बंद करा. हजार आले तर हजार. आधीच जास्त नोंदणी झाली असेल तर कुणाला घरी पाठवू नका, पण पुढची आजच थांबवा. स्पॉन्सर कुरकुर करतील. त्यांना सांगा की रिकाम्या टेबलासमोर खोकी फोडणाऱ्या धावपटूंच्या फोटोत मागे त्यांचाच फलक होता.